पावणेतीन तोळ्यांची गोळी

दत्तारामशेटना रानरेडा मारायचा होता, आणि त्यासाठी लागणारी गोळी हेमचंद्र टिल्लूंनी निवडायची होती.

टिल्लूंनी आयुष्यात डासाखेरीज काही मारलं नव्हतं, आणि डाससुद्धा ते शक्यतो हाकलूनच देत. पण कंपनीत जे काही निवडायचं ते पर्चेसने निवडायचं, आणि पर्चेस म्हणजे टिल्लू, हा रिवाज बावीस वर्षं चालत आला होता. क्लॅम्प, बोल्ट, मजुरांचे बूट, ऑफिसातलं चहाचं मशीन, शेटांच्या मुलीच्या लग्नातला घोडा, सगळं टिल्लूंनी तीन-तीन कोटेशनं मागवून निवडलं होतं. घोड्याचीही तीन आली होती. माल हलका निघाला किंवा तारखेनंतर आला असं या बावीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसले तरी कुणी विचारावं अशी त्यांची फार इच्छा असे.

शेटांचा धंदा परांच्या भाड्याने देण्याचा. दुबईत इमारत उभी राहण्याआधी तिच्याभोवती परांची उभी राहते, आणि ती पुष्कळदा शेटांची असते. लांज्याहून एका पिशवीनिशी आलेला हा माणूस स्वतःच्या अंगातल्या हिकमतीवर वर चढला, आणि वर चढलेल्या माणसाचं होतं तेच त्यांचंही झालं. भोवती ‘हो शेट’ म्हणणाऱ्यांची दाटी झाली आणि ‘नाही’ हा शब्द त्यांच्या कानांवर पडेनासा झाला.

गेल्या सप्टेंबरात अबुधाबीला शिकारीचं नि ससाण्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. शेट तिथे गेले ते मांडवाच्या परांचीचं काम कुणाला गेलं ते बघायला. एका स्टॉलवर टांझानियात शिकारीच्या सफरी नेणाऱ्या एका गोऱ्याने त्यांना गावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजली, खजूर दिला, आणि त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाला, “सर, यू हॅव द आइज ऑफ अ हंटर.” शेटांच्या डोळ्यांबद्दल त्याआधी कुणी काही बोललं नव्हतं. ते स्टॉलवरून उठले ते सहा दिवसांची सफर, एक रानरेडा आणि भाड्याची एक दांडगी रायफल बुक करूनच. नव्वद हजार दिरहॅम, म्हणजे एकवीस-बावीस लाख.

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण दिवाळीला ऊद मेथाच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा कार्यक्रम झाला, त्यात शेट प्रमुख पाहुणे होते, आणि प्रमुख पाहुण्याला माइक दिला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. “येत्या जुलैत मी आफ्रिकेत रानरेडा लोळवणार आहे,” शेट म्हणाले. चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. आता रेड्याने माघार घेतली असती तरी शेटांना घेता येत नव्हती.

नोव्हेंबर संपता संपता सफरवाल्याचा फॉर्म आला. नाव, वय, बुटाचा नंबर, मांसाहारी की शाकाहारी, अशा साध्यासुध्या प्रश्नांनंतर नवव्या क्रमांकाला एक चौकोन होता. रायफल चारशे अठ्ठावन्न बोअरची, गोळ्या आम्हीच देऊ, फक्त कुठल्या हव्यात ते कळवा: सॉफ्ट की सॉलिड की दोन्ही, आणि वजन किती ग्रेन. फॉर्म पंधरा जानेवारीच्या आत पोचायला हवा, नाहीतर बुकिंग रद्द.

शेटांनी टिल्लूंना केबिनमध्ये बोलावलं. “हे नऊ नंबरचं बघा. तीन कोटेशन घ्या.”

“शेट, गोळ्या तेच देणार आहेत. पॅकेजमध्येच आहेत.”

“म्हणून काय झालं? फुकट असलं तरी तीन घ्यावीत. फुकटातच माणूस जास्त फसतो.”

एरवी टिल्लूंनी अदबीने का होईना, दोन शब्दांचा वाद घातला असता. पण हे वर्ष वाद घालायचं नव्हतं. नऊ फेब्रुवारीला त्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती, आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे साठीला खलास. पुढे ठेवायचं की नाही हे फक्त शेट ठरवणार. दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र एचआरने नोव्हेंबरातच टाइप करून दिलं होतं आणि ते शेटांच्या उजव्या हाताच्या खणात सहीवाचून पडून होतं. त्या सहीवर टिल्लूंचा व्हिसा, व्हिशावर करामाचा फ्लॅट, आणि या सगळ्यावर अस्मिताची बारावी अवलंबून होती. लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली ही एकुलती एक मुलगी ऊद मेथाच्या शाळेत अकरावीत होती. बोर्डाची नावनोंदणी अकरावीतच होऊन जाते, मग मधेच शाळा बदलायची म्हटलं की अर्ज, दाखले, विनवण्या, आणि एवढं करून वर्ष जाण्याची भीती. सही झाली नाही तर मार्चात गाशा गुंडाळून डोंबिवलीला जायचं, आणि अस्मिताने तिथे कुठे प्रवेश मिळतो ते शोधत बसायचं. म्हणून टिल्लू म्हणाले, “घेतो की.”

तीन आठवड्यांत त्यांनी गोळ्यांचा असा काही अभ्यास केला की कुणाला वाटावं, हा माणूस कोकणस्थ नसून जन्मजात पारधी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या दोन आणि अमेरिकेतल्या एका कारखान्याला त्यांनी ‘डिअर सर’ लिहून माहिती मागवली. सॉफ्ट गोळीचं नाक मऊ शिशाचं असतं, ती अंगात शिरली की छत्रीसारखी उघडते आणि आत मोठी जखम करते. सॉलिड गोळी उघडत नाही, ती हाड फोडून सरळ जाते, आणि पलीकडे दुसरा रेडा उभा असेल तर त्याचीही विचारपूस करून येते. रानरेड्याची कातडी बोटभर जाड, हाडं दणकट, स्वभाव आकसखोर. हे सगळं टिल्लू डब्यातली भेंडीची भाजी खात वाचत. पहिल्यांदा त्यांना मळमळलं. दुसऱ्या आठवड्यात मळमळ थांबली, आणि तिसऱ्या आठवड्यात ते घरी जेवताना फासळीच्या आतल्या बाजूविषयी बोलू लागले, तेव्हा त्यांच्या पत्नी शोभनाबाईंनी ताट उचलून स्वयंपाकघरात नेलं.

“पाचशे ग्रेन म्हणजे किती हो?” त्यांनी आतून विचारलं, कारण कुतूहल काही ताटाबरोबर आत जात नाही.

“साडेबत्तीस ग्रॅम. म्हणजे पावणेतीन तोळे.”

आतला नळ बंद झाला. “माझं मंगळसूत्र दोन तोळ्यांचं आहे,” शोभनाबाई म्हणाल्या.

“बाबा, धिस इज सो डिस्टर्बिंग,” अस्मिता म्हणाली आणि कानांत इअरफोन घातले.

इतकं झाल्यावर टिल्लूंनी एकट्याने ठरवून टाकायला हरकत नव्हती. पण कंपनीचा रिवाज असा, की वस्तू कुणाच्या जिवाशी संबंधित असेल तर टेक्निकल कमिटी नेमायची. परांचीच्या प्रत्येक क्लॅम्पला कमिटी असते, मग गोळीला का नको? तिघांची कमिटी झाली. एक टिल्लू. दुसरा शेटांचा पुतण्या शार्दूल, जो पुण्याहून एमबीए करून आला होता आणि बिझनेस डेव्हलपमेंट करत होता, म्हणजे काय करत होता ते कुणाला नक्की माहीत नव्हतं. तिसरे नूरुद्दीन, कंपनीचे मंदूब. व्हिसा, लायसन, सरकारी शिक्के यांच्यामागे वीस वर्षं फिरणारा हा दापोलीकडचा माणूस. त्यांना कमिटीत घेतलं याचं कारण एवढंच, की त्यांच्या वडिलांकडे डुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक होती. सबंध कंपनीत बंदुकीशी नातं सांगणारा दुसरा कुणी नव्हता.

पहिल्या बैठकीत शार्दूल म्हणाला, “टिल्लूकाका, सिंपल आहे. सॉलिड घ्या. आरपार. स्लो मोशनमध्ये काय दिसेल, इमॅजिन करा.”

“व्हिडिओसाठी गोळी निवडायची का?” टिल्लूंनी विचारलं.

“मग कशासाठी?” शार्दूलने खरोखरच्या आश्चर्याने विचारलं.

नूरुद्दीन म्हणाले, “टिल्लूसाब, आमचा बाप शिशाचा छर्रा भरायचा आणि वर नारळाचा काथ्या ठोसायचा. डुकराने त्याला कधी विचारला नाही, सॉफ्ट हाय का सॉलिड.” हे मत टिल्लूंनी इतिवृत्तात ‘स्थानिक अनुभव’ या मथळ्याखाली नोंदवलं.

मग शेटांना सराव हवा असं ठरलं. शारजाच्या बाजूला वाळवंटात एक शूटिंग क्लब होता, आणि तिथे पाहुण्यांच्या हौसेसाठी तशीच एक दांडगी रायफल ठेवलेली होती. डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी शेट, शार्दूल, टिल्लू आणि नूरुद्दीन असे चौघे गेले. शेटांनी अंगभर खिशांचं खाकी जाकीट घातलं होतं, प्रत्येक खिशात काहीतरी होतं, एकात तर पानही होतं. क्लबच्या शिकवणाऱ्याने रायफल त्यांच्या खांद्याला नीट टेकवून दिली, श्वास कसा सोडायचा ते सांगितलं, आणि दोन पावलं मागे सरला. एकूण तिथे सगळेच दोन पावलं मागे होते.

आवाज असा झाला, की टिल्लूंच्या चष्म्याची काच थरथरली. बैलाने ढुशी द्यावी तसा दस्ता शेटांच्या खांद्यात बसला आणि शेट मागच्या माणसाच्या अंगावर आले. समोरचा कागद मात्र होता तसा कोराच फडफडत होता.

“व्हेरी गुड, सर,” शिकवणारा म्हणाला.

“गोळी जड आहे काका,” शार्दूलने निकाल दिला. “चारशे पन्नास ग्रेनची बघू.”

पुढच्या शनिवारी चारशे पन्नासची आणली. कागद कोरा. त्याच्या पुढच्या शनिवारी सॉलिड आणली. या खेपेला चौथी गोळी मात्र लागली, फक्त ती शेजारच्या माणसाच्या कागदाला लागली. त्याने पाच झाडल्या होत्या आणि भोकं सहा निघाली. शार्दूलने टाळ्या वाजवल्या. “काका, पोचली तर,” तो म्हणाला, आणि शेटही त्या सहाव्या भोकाकडे थोडं अभिमानाने बघत राहिले. परतीच्या वाटेवर गाडीत ते टिल्लूंना म्हणाले, “गोळी अजून जमत नाहीये, टिल्लू. तुम्ही नीट लक्ष घाला.”

टिल्लूंनी घातलंच होतं. त्यांनी रेंजवर शेटांच्या हाताकडे नाही, तोंडाकडे बघितलं होतं. मग सोमवारी जेवणाच्या सुट्टीत नूरुद्दीन त्यांच्या टेबलाशी येऊन बसले, डबा उघडला, बंद केला, आणि म्हणाले, “एक बात बोलू? गोळी बदलून काय होनार? शेट डोले मिटतात.”

“मीही पाहिलं,” टिल्लू म्हणाले.

“चाप ओढायच्या आधीच. पयल्या शनिवारपास्ना. त्या मास्तरानेपण पाहिलान, तो पगारी मानूस, तो काय बोलनार.” मग नूरुद्दीनांचा आवाज खाली आला. “माझा चुलता असाच. हात कापला, गोळी डुकराच्या मांडीत. मेला असता तर ठीक, नायतर साफ चुकली असती तरी ठीक. जखमी झाला तो उलटून आला. चुलत्याला चार लोकांनी खाटेवर घालून आनला. पाय गेला तो गेलाच. आनि तो डुक्कर होता साब. हा रेडा हाय.”

“तिथला शिकारी बरोबर असतो, तो मागून गोळी घालतो म्हणे.”

“त्याच्या म्होरं कोन हाय? शेट. डोले मिटून.”

टिल्लूंनी हातातला घास डब्यात परत ठेवला. गेल्या महिनाभरात त्यांना रेड्याची प्रत्येक फासळी पाठ झाली होती, पण त्या फासळ्यांसमोर एक जिवंत माणूस उभा राहणार आहे हे त्यांच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. शेट तसे त्रासदायक होते, चढेल होते, पण बावीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लं होतं, आणि कोविडच्या वर्षात सगळ्यांचे पगार अर्ध्यावर आले तेव्हा त्यांनी मजुरांचा एक दिरहॅम कापला नव्हता. त्या माणसाला आपण आपल्या सहीने रेड्यापुढे उभं करायचं?

घरी हे सांगितल्यावर शोभनाबाईंनी आधी शांतपणे विचारलं, “खणातल्या कागदावर सही झाली?”

“नाही.”

“मग ती आधी होऊ दे. सही झाली की दुसऱ्या दिवशी सांगा हवं ते. तोवर मूग गिळून बसा. बाकी सगळे बसलेच आहेत ना?”

“फॉर्म पंधराच्या आत जायचाय, शोभना. आणि ते सही कधी करतील याचा नेम नाही. एकदा फॉर्म गेला की मग ते डोळे उघडे ठेवतायत की मिटतायत हे कोण बघणार?”

“तुम्ही बघायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मुलीची शाळा बघा.” आणि त्यांचं काही चूक होतं असं टिल्लूंना मुळीच वाटलं नाही. हाच तर त्रास होता.

बारा जानेवारीला सोमवारी सकाळी टिल्लू तक्ता घेऊन केबिनमध्ये गेले. तक्ता देखणा झाला होता. तीन कारखाने, सात प्रकार, अकरा रकाने, आणि शेवटी शिफारस: पाचशे ग्रेन, पहिली सॉफ्ट, नंतरच्या सॉलिड, जुनेजाणते शिकारी करतात त्याप्रमाणे. फॉर्मचा नववा चौकोनही त्यांनी पेन्सिलीने भरून आणला होता. काम तीन दिवस आधी पुरं झालं होतं.

“ठरली का गोळी?” शेटांनी विचारलं.

“तक्त्याप्रमाणे ठरली,” टिल्लू म्हणाले. “पण माझं मत आहे, तुम्ही जाऊ नये.”

शेटांनी वर बघितलं. निघालेलं वाक्य आता परत घेता येत नव्हतं. “शेट, चाप ओढण्याआधी तुम्ही डोळे मिटता. तिन्ही शनिवारी. गोळी कुठलीही घेतली तरी ती कुठे जाईल ते सांगता येणार नाही. नुसती चुकली तर ठीक. पण जखमी रेडा उलटून येतो.”

शेट उठले, स्वतः जाऊन दार लावून आले, आणि बसता बसता विचारलं, “कुणी कुणी पाहिलंय?”

“सगळ्यांनी.”

“शार्दूलने?”

“त्याने व्हिडिओ काढलाय.”

शेटांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि कॉलर बाजूला केली. खांदा जांभळा-काळा झाला होता आणि त्याला बामाचा उग्र वास येत होता. “घरी सांगितलंय, यार्डात पाइप लागला,” ते म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम लहान झाला. “महिनाभर वाट बघतोय, टिल्लू. कुणीतरी म्हणेल, शेट, नका जाऊ. डॉक्टरकडे गेलो मुद्दाम, तो म्हणतो एकदम फिट. बायकोला विचारलं, ती म्हणते मुंडकं हॉलमध्ये लावायचं की ऑफिसात. पुतण्या टाळ्या वाजवतो. आणि तुम्ही? तुम्ही तक्ता करत बसलात. मला वाटलं होतं, निदान तुम्ही तरी पहिल्याच दिवशी म्हणाल.”

टिल्लूंना अगदी गलबलून आलं. इतक्या वर्षांत हा माणूस त्यांना इतका जवळचा कधी वाटला नव्हता. ते म्हणाले, “शेट, मग सोपं आहे. फॉर्म पाठवायचाच नाही. रद्द.”

“रद्द,” शेट म्हणाले, आणि खुर्चीत मागे रेलून त्यांनी मोठा श्वास सोडला. रंग परत आला. त्यांनी पाणी प्यायलं, बटणं लावली, आणि बटणं लावता लावता त्यांच्यातला मालक हळूहळू परत येऊन खुर्चीत बसला. “पण रद्द कुणामुळे झालं?”

“म्हणजे?”

“चारशे लोकांसमोर बोललोय मी. शनिवारी संक्रांतीचा कार्यक्रम आहे, पहिला प्रश्न हाच येणार. माझ्यामुळे रद्द झालं असं तर सांगता येत नाही. रेड्यामुळे म्हणावं, तर रेड्याचा काय दोष?”

दोघांनीही टेबलावरच्या तक्त्याकडे बघितलं. शेटांनी तो उचलला, पहिल्यांदाच नीट वाचला, आणि अकराही रकाने वाचून झाल्यावर म्हणाले, “तारीख पंधरा आहे ना? समजा, पर्चेसकडून निवडच झाली नाही. समजा, तारीख उलटून गेली.”

“शेट, आज बारा आहे. काम तयार आहे.”

“तेच म्हणतोय मी. समजा.”

“माझ्याकडून आजवर एकही तारीख उलटलेली नाही,” टिल्लू म्हणाले. हे वाक्य कधीतरी, कुणीतरी विचारल्यावर, एखाद्या निरोपसमारंभात म्हणायचं म्हणून त्यांनी बावीस वर्षं जपून ठेवलं होतं.

“म्हणूनच लोक विश्वास ठेवतील,” शेट म्हणाले. “दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं तर म्हणतील बहाणा आहे.” त्यांनी उजवीकडचा खण उघडला, एचआरचा कागद बाहेर काढला आणि टेबलावर सरळ केला. पेनाचं टोपण काढलं. “दोन वर्षं. तुमची मुलगी बारावी होईल, पुढेही हवं तर बघू. मी माणूस सोडत नाही. फक्त आधी तुम्ही चार ओळी लिहून द्या. फाइलला असावं काहीतरी.”

टिल्लूंनी त्या पेनाकडे बघितलं. हेच पेन घेऊन रागाने उठावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांना अस्मिता आठवली, आणि मार्चात बांधायची खोकी आठवली, आणि त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढलं. ‘गोळीच्या निवडीबाबतचा निर्णय माझ्याकडून वेळेत न झाल्याने फॉर्म मुदतीत पाठवता आला नाही. याबद्दल मी दिलगीर आहे.’ खाली तारीख घालताना त्यांचा हात अडला.

“सोळा घाला,” शेट म्हणाले.

टिल्लूंनी अजून न उजाडलेली तारीख घातली. मग शेटांनी मुदतवाढीवर सही केली, शिक्का मारला, आणि मनापासून म्हणाले, “यल्ला, टिल्लू. चहा घेऊया.” त्यांच्या डोळ्यांत खरी कृतज्ञता होती. हे टिल्लूंना पुढेही कधी नाकारता आलं नाही.

शनिवारी ऊद मेथाच्या हॉलमध्ये संक्रांतीचा कार्यक्रम भरगच्च झाला. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, तिळाच्या वड्या, आणि शेवटी माइकवर शेट. कुणीतरी मागून विचारलंच, “शेट, रेड्याचं काय झालं?”

शेटांनी हात जोडले. “रेडा वाचला, मंडळी. आमच्या टिल्लूंनी वाचवला.” लोक हसायला लागले. “तीन महिने हा गृहस्थ गोळी निवडत होता. सॉफ्ट घेऊ की सॉलिड, साडेचारशे घेऊ की पाचशे. तीन कोटेशनं, कमिटी, मीटिंगचे मिनिट्स, तक्ता. शाकाहारी माणूस, त्याचा हातच उचलेना. शेवटी गोळी काही ठरली नाही आणि तारीख गेली उलटून. रायफल तयार, मी तयार, रेडा तयार, आणि हे आपले ग्रेन मोजतायत.” हॉल हसून हसून लोटपोट झाला. शार्दूल सगळ्यांत मोठ्याने हसला. दाराजवळ उभे असलेले नूरुद्दीन मान खाली घालून फोन बघू लागले.

“दुसरा मालक असता तर त्याने काढून टाकला असता,” शेट पुढे म्हणाले, आणि त्यांचा आवाज जड झाला, कारण एव्हाना त्यांचा स्वतःचाही यावर विश्वास बसला होता. “मी दोन वर्षांची वाढ दिली. माणूस चुकतो. मन मोठं ठेवावं लागतं.”

टाळ्या रेड्याच्या घोषणेला पडल्या होत्या त्यापेक्षा जास्त पडल्या. लोकांनी टिल्लूंना उभं राहायला लावलं. ते उभे राहिले, हसले, हात जोडले. एकाने तिळगूळ हातावर ठेवत विचारलं, “काय टिल्लू, मिळाली का गोळी?” आणि हा विनोद पुढची दोन वर्षं टिकणार हे टिल्लूंना तिथल्या तिथे कळलं.

शोभनाबाईंना सगळं माहीत होतं, त्यांनी नुसतं टिल्लूंच्या हातातलं तिळगुळाचं ओझं काढून घेतलं. अस्मिताला काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगायचं नाही, तिच्या डोक्यावर हे ओझं नको, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. ती मैत्रिणींच्या घोळक्यातून बाहेर आली. तिच्या मैत्रिणीही हसत होत्या. ती हसत नव्हती.

“बाबा, इज इट ट्रू? यू मिस्ड द डेडलाइन?”

“हो,” टिल्लू म्हणाले.

“बट यू नेव्हर मिस एनिथिंग.”

“या वेळी झालं.”

बारा तारखेला सकाळी साडेदहाला काम पुरं करून दिलं होतं, हे टिल्लूंच्या अगदी ओठावर आलं. या एकाच माणसाने ते ऐकावं असं त्यांना फार वाटलं. पण शेट चार पावलांवर उभे होते, तिळगूळ वाटत, आणि तिचं बारावीचं वर्ष त्यांनी सही करून दिलं होतं.

अस्मिताने मैत्रिणींच्या देखत त्यांच्या दंडाला हात घातला, लहान असताना रस्ता ओलांडताना ते तिचा धरत तसा, आणि हळूच म्हणाली, “इट्स ओके, बाबा. अॅट युअर एज इट हॅपन्स.”

“हो गं,” टिल्लू म्हणाले. “वय झालं आता.”